हरदीच्या वंशातलं पिल्लू

कुसुमपदर,
माघ पुनवेनंतरचा रविवार

प्रिय महापरसाद,

तुझं कार्ड पोचून आज अकरा दिवस झाले. इतके दिवस उत्तर नाही म्हणजे तू म्हणाला असशील, गुरुजी म्हातारा झाला, चष्मा शोधण्यातच त्याचा दिवस मावळतो. चष्मा जागेवर आहे. कागदही जागेवर होता. मीच रोज सकाळी बसायचो आणि उठायचो.

आपण जगदलपूरला गोंच्याच्या रथापुढे जगन्नाथाचा प्रसाद एकमेकांच्या तोंडात घालून महापरसाद झालो, त्याला आता पन्नास वर्षं होतील. त्या दिवसापासून तुझं नाव मी घेतलेलं नाही, लिहिलेलंही नाही. पाकिटावर ते लिहावंच लागतं, म्हणून दर वेळी मी शाळेतल्या नव्या बाईंकडे जातो. त्या हसतात. म्हणतात, "गुरुजी, मित्राचं नाव लिहिलं तर काय हात झडतो का?" मी म्हणतो, "हात नाही हो बाई. पण जे काही आहे ते झडतं." मग त्या बिचाऱ्या सुवाच्य अक्षरात तुझं नाव, तुझ्या जावयाचं नाव, राइस मिलच्या मागची गल्ली, धमतरी, असं सगळं लिहून देतात, आणि मी दुसरीकडे बघत उभा राहतो.

तुझ्या नातीला, खिलेश्वरीला, कुत्रा पाळायचाय आणि तो आपल्या गावचाच हवाय, असं तू लिहिलंस. खालच्या कोपऱ्यात तिनं स्वतः कुत्र्याचं चित्र काढलंय. मला आधी ती बकरी वाटली. शेपटी पाहून कळलं. तर खिलू, तुझे आजोबा तुझ्याकडून पत्र वाचून घेतात हे मला माहीत आहे, म्हणून पहिला भाग तुझ्यासाठीच लिहितो. नीट मोठ्यानं वाच, आजोबांना डाव्या बाजूनं कमी ऐकू येतं.

आमच्याकडे सध्या मुंदरी आहे, आमच्या जुन्या हरदी कुत्रीच्या वंशातली. तिची शेपटी अंगठीसारखी गोल वळलेली, म्हणून तुझ्या आजीच्या वयाच्या माझ्या जयमनीनं तिचं नाव मुंदरी ठेवलं. मुंदरीनं पुसात चार पिल्लं घातली. कुठं घातली म्हणशील, तर मी तिच्यासाठी पोतं अंथरून, कुडाला टेकवून, वारा लागणार नाही अशी छान जागा केली होती. तिनं ती हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि कणगीखाली स्वतः बीळ खणून तिथं व्याली. या कुत्र्यांचं असंच असतं. तुम्ही त्यांच्यासाठी जे कराल ते ती पाहून घेतात, मान देतात आणि मग आपल्या मनाचं करतात. मुंदरी शेतातून उंदीर खाऊन येते आणि पिल्लांपुढे ओकते. तुला हे वाचून शी वाटेल. पण त्यांचा घास असाच भरवला जातो.

पिल्लू निवडायचं नसतं. अंगणात बसायचं, हात मोकळे ठेवायचे, काही दाखवायचं नाही. जे येतं ते आपलं. येताना ते सरळ येणार नाही. दोनदा तुझ्या मागून जाईल, एकदा चपलेचा वास घेईल, जणू दुसऱ्याच कामाला आलंय. तुझ्या आजोबांकडे कबरा असाच आला होता. दुसऱ्या घरचं पिल्लू, तीन दिवस यांच्या मागे शेतावर जायचं आणि संध्याकाळी आपल्या घरी. चौथ्या दिवशी घरी गेलंच नाही. त्याच्या आईनं येऊन एकदा पाहून घेतलं आणि ती परत गेली. ही गोष्ट आजोबांनी तुला सांगितली असणार.

त्याला बांधायचं नाही. हे मी सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहायला हवं. आपल्या सरपंचाच्या लेकानं गेल्या उन्हाळ्यात रायपूरहून एक झिपरा विलायती कुत्रा आणला. वासराएवढा. त्याला साखळी, त्याला वेगळं भांडं, आणि वैशाखात त्याच्यासाठी कूलर. वीज गेली की पोरगा पुठ्ठ्यानं वारा घालायचा. बाया पाणी भरायला जाताना थांबून बघायच्या. त्यांतली म्हातारी दसमो म्हणाली, "यापेक्षा जावई परवडला, तो निदान सणाला तरी जातो." तो कुत्रा जातीनं चांगला होता, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्याला साखळीच माहीत होती. आपल्याकडच्याला साखळी घातली तर तो आधी उपाशी राहतो, मग चावरा होतो. मी हे एकदा करून पाहिलंय, त्याबद्दल पुढे लिहितो.

काय खातो ते विचारू नकोस, काय खात नाही ते विचार. रात्रीची पेज, भाताचा करपलेला थर, माशाचं डोकं, मोहाची फुलं, चिंचसुद्धा. पोळी दिलीस तर पुरून ठेवील. आंघोळ घालू नकोस. उन्हात बसून तो स्वतःला चाटून तुझ्या गणवेशापेक्षा स्वच्छ ठेवतो. मात्र पिसाळण्याची सुई दर वर्षी टोचून घ्यायची, तिथं हयगय नाही. आमच्याकडे ढोरांचा डॉक्टर फटफटीवर येतो, कुत्री त्याचा आवाज ओळखतात आणि दहा मिनिटांत गाव रिकामं होतं. मुंदरीला धरायला मला तिच्याशी अर्धा तास खोटं बोलावं लागतं.

हाक मारली की लगेच येईल अशी अपेक्षा धरू नकोस. त्यानं ऐकलेलं असतं. एक कान वळतो, तेवढ्यावर समजायचं. मग तो उठेल, अंग ताणेल, आळस देईल आणि येईल. उगाच ओरडलीस तर मात्र तो लक्षात ठेवतो. गेल्या पावसाळ्यात मी मुंदरीवर विनाकारण खेकसलो. कोंबडी मुंगसानं नेली होती आणि मी हिला बोललो. तीन दिवस ती अंगणात माझ्याकडे पाठ करून बसली. जेवायची, राखण करायची, पण तोंड दाखवायची नाही. शेवटी मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो, तेव्हा कुठं तिनं हनुवटी माझ्या पायावर टेकवली. यांना मारून काही शिकवता येत नाही. चुकलं तर आपणच खाली बसायचं.

आणि भुंकणं ऐकायला शीक. माणसाला एक भुंकणं, अनोळखी माणसाला दुसरं. सापाला जागच्या जागी उड्या मारत, तुटक तुटक. बिबट्या असेल तर भुंकत नाहीत, घरात शिरून चुलीमागे जातात. आणि अस्वलाला वेगळंच. आधी मानेवरचे केस उभे राहतात, आवाज नाही, आणि कुत्रा येऊन तुझ्या पुढ्यात आडवा उभा राहतो. तुला पुढे जाऊ देत नाही. धमतरीत अस्वल येणार नाही, पण मोटारी येतील. आपली कुत्री अजून मोटारींना शिकलेली नाहीत. इथं डांबरी रस्ता झाला तेव्हापासून सगळी हिवाळ्यात त्याच्यावरच झोपतात, डांबर गरम असतं म्हणून. दोन गेली. तेव्हा रस्त्याकडे लक्ष ठेव.

खिलू, तुझा भाग इथं संपला. आता कागद आजोबांच्या हातात दे आणि बाहेर खेळायला जा. त्यांचा एक डोळा वाचण्यापुरता चांगला आहे.

महापरसाद, आता तू वाच. सावकाश वाच.

तू गेल्यावर गावात पुष्कळ बदललं, ते तुला कळत असतं. मोहाची ती रांग मात्र तशीच आहे, नदीकडच्या उतारावर. चैत आला की अजूनही लोक पहाटे टोपल्या घेऊन जातात, प्रत्येकाचं झाड ठरलेलं, झाडाखाली पाला जाळून जागा स्वच्छ केलेली. तुझ्या झाडाखाली आता तुझा पुतण्या वेचतो. मी दर चैतात एकदा तिथं जातो. वेचायला नाही. उगाच.

कबऱ्यासारखा मोहाखालचा कुत्रा मी नंतर पाहिला नाही. तू खाली वाकलेला असायचास आणि तो तुझ्याभोवती फेर धरून बसायचा, कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, वारा बदलेल तसा. दोनदा त्यानं तुला अस्वलापासून थांबवलं, ते मी स्वतः पाहिलंय. दुसऱ्या वेळी तर अस्वल झाडावर होतं आणि तू खालून म्हणत होतास, "अरे, काय झालं तुला, वेचू दे की," आणि तो तुझं धोतर धरून मागे ओढत होता. घरी आल्यावर तू त्याला पेजेत गूळ घालून दिलास. तुझी बायको म्हणाली होती, "मला लग्नात दिला नाही एवढा गूळ."

मग ते माघातले दिवस. दसमोचा नवरा नुकताच वारला होता आणि तिच्याजवळ सहा बकऱ्या होत्या, तेवढ्याच. पंधरा दिवसांत तिची तीन करडं मेली. मान धरून मारलेली, पोट फाडलेलं. कोल्हा म्हणाले, मग लांडगा म्हणाले. तिसरं मेलं ते भर सकाळी, बाजाराच्या दिवशी. तू बायकोला घेऊन बाजाराला गेला होतास. तू बाजाराला गेलास की कबरा माझ्या शाळेच्या दारात बसायचा, तुझी वाट बघत. त्या दिवशीही बसला. दसमो काठी घेऊन नदीकडून आली. तिला शाळेच्या दारात कबरा दिसला आणि त्याच्या तोंडाला रक्त होतं. ती मुलांसमोर म्हणाली, "बघा. तोंड तरी पुसून यायचं."

गावदेवीच्या देवगुडीपुढे गाव बसलं. आपल्याकडची रीत तुला मी काय सांगू. जनावर मारणारा कुत्रा त्याच्या धन्यानंच संपवायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. तू भांडला नाहीस. तू एवढंच म्हणालास, "कबरा सकाळभर शाळेपाशी होता. माझ्या महापरसादला विचारा." सगळे माझ्याकडे वळले. गावचा मुखिया पटेल म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगाल ते खरं." मी म्हणालो, "माझं तोंड फळ्याकडे होतं. मधे तो उठून गेला असेल तर मला दिसलं नाही." तू मान हलवलीस. तुला ते पटलं, कारण ते मी म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू धनुष्य घेतलंस आणि माझ्या दारात आलास. म्हणालास, "तू चल बरोबर. एकट्याला जमणार नाही." मी आलो. कबरा आपल्या पुढे चालला होता, दहा पावलं गेला की थांबायचा, आपण येतोय ना ते बघायचा. त्याला वाटलं शिकारीला निघालोय. तू त्याला नदीपलीकडे नेलंस आणि मला अलीकडे थांबायला सांगितलंस. परत आलास तेव्हा तू नदीत हात धुतलेस आणि बराच वेळ धूत राहिलास. घरी जाताना मला म्हणालास, "तू आलास ते बरं झालं."

त्यानंतर एकही करडू मेलं नाही. गाव म्हणालं, बघा, कबराच होता. हळूहळू तूही काही बोलेनासा झालास.

आणि चैतात तू मोहाखाली एकटा गेलास. पुतण्यानं दुसरा कुत्रा ने म्हटलं, तू म्हणालास, यंदा नको. अस्वल तुझ्या पाठीमागून आलं. मी तुला खाटेवर घेऊन आणखी तिघांबरोबर सडकेपर्यंत आलो, तिथून लाकडाच्या ट्रकनं जगदलपूर. तुझा डोळा गेला होता, कान लोंबत होता, डाव्या हाताची हाडं बाहेर होती. मी तुझा उजवा हात धरून होतो. सबंध वाटेत तू एकच म्हणत होतास, "कबरा असता तर." रागानं नाही म्हणालास. लहान मूल झोपेत म्हणतं तसं म्हणत होतास. त्या डाव्या हातानं पुढे ना धनुष्य पेललं गेलं, ना नांगर धरला गेला. दसऱ्याआधी तू घर आवरून धमतरीला गेलास, मिलच्या फाटकावर बसायला. तेव्हापासून प्रत्येक पत्रात तू लिहितोस की महापरसाद होता म्हणून मी वाचलो. एकतीस वर्षं तू हे लिहितो आहेस आणि एकतीस वर्षं मी ते वाचतो आहे.

महापरसाद, माझं तोंड फळ्याकडे नव्हतं. दाराकडे होतं. मुलं माझ्याकडे तोंड करून पाढे म्हणत होती, दार त्यांच्या पाठीशी होतं, आणि त्यांच्या डोक्यांवरून मला दार आणि दारातला कबरा सकाळभर दिसत होता. तो जागचा हलला नाही. सोळाचा पाढा चालू होता तेव्हा नदीकडून हरदी आली. माझी हरदी. तिचं तोंड डोळ्यांपर्यंत लाल होतं. कबरा उठला, शेपटी हलवून तिच्यापाशी गेला आणि त्यानं तिचं तोंड चाटलं. मग हरदी घराकडे निघून गेली आणि तो पुन्हा दारात येऊन बसला. थोड्या वेळानं दसमो आली.

मी तेव्हा का बोललो नाही, ते सांगतो. त्यानं काही कमी होतं म्हणून नाही सांगत. त्याआधीच्या पावसाळ्यात आमची मुलगी गेली होती, आठ महिन्यांची, हे तुला आठवतं. तूच तिचा खड्डा खणला होतास. त्यानंतर जयमनी बोलायची नाही. चूल पेटवायची आणि तिच्याकडे बघत बसायची, भात करपला तरी उठायची नाही. पुसात हरदी तिच्या बाजेखाली व्याली. पाच पिल्लं. आधी तिनं पाहिलं नाही. मग एक दिवस मी शाळेतून आलो तर ती हरदीसाठी पेज निववत होती. मग ती स्वतःही जेवू लागली. त्या बाजाराच्या दिवशी दुपारी मी घरी गेलो, तिला सांगायचं ठरवूनच गेलो. ती दारात पाय पसरून बसली होती, मांडीवर पिल्लू होतं आणि ती त्याच्याशी बोलत होती. त्याला म्हणत होती, "तुझी आई फार भटकी आहे रे." सहा महिन्यांनी तिचा आवाज मी ऐकला. हरदी तिच्यामागे झोपली होती, तोंड स्वच्छ होतं. मी हातपाय धुऊन जेवायला बसलो.

त्याच दिवसापासून मी हरदीला बांधलं. पिल्लांना ताप येईल, बाहेर फिरून रोग आणील, असं काहीतरी जयमनीला सांगितलं. चार महिने ती दोरीला होती. तिनं दोरी कुरतडली, मी साखळी आणली. ती माझ्या हाताला दोनदा चावली. करडं मरायची थांबली ती म्हणून, आणि गावानं त्याचा दोष कबऱ्यावर पक्का केला. मी ते होताना पाहत होतो.

गेल्या वर्षी पुसात जयमनी आजारी होती ते मी कळवलं होतंच. शेवटच्या दिवसांत तिची बाज उन्हात काढून ठेवायचो. मुंदरी तेव्हा पहिल्यांदा व्यालेली, बाजेजवळ पिल्लांना पाजत होती. जयमनी बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हरदीचं तोंड मीच पुसलं होतं. राखेनं. ती नदीकडून आली तेव्हा. तुम्हाला सांगितलं नाही." मी विचारलं का. ती म्हणाली, "तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. तुम्ही गुरुजी. मग हरदी गेली असती." मी तिला म्हणालो, मला कळलं होतं. तीस वर्षं आम्ही एका घरात एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मग ती म्हणाली, "मग महापरसादला लिहा. मी गेल्यावर लिहा, मला त्याला तोंड दाखवायला नको." ती जाऊन वर्ष झालं. मी लिहिलं नाही. तू तेराव्याला धमतरीहून आलास, माझ्या खांद्यावर हात ठेवून बसलास, तेव्हाही बोललो नाही.

तुला लिहिण्याआधी गावाला सांगायला हवं होतं, म्हणून गेल्या सोमवारी मी देवगुडीपुढे सांगितलं. कोतवालाला सांगून माणसं बोलावली. त्या दिवशीची माणसं आता थोडीच उरलीत. म्हातारा पटेल आहे, त्याला दोघांनी धरून आणलं. मी उभा राहून सांगितलं, शाळेत उभा राहायचो तसा. पटेल म्हणाला, "आता सांगून काय, गुरुजी? कुत्रा गेला, बकरी गेली, सांगणारी माणसंही निघाली." एक तरणा पोरगा हसला आणि म्हणाला, एवढ्याशा कुत्र्यासाठी सभा? पटेलानं त्याला गप्प केलं. म्हणाला, "कुत्र्यासाठी नाही रे. आपण त्या दिवशी गुरुजींच्या शब्दावर निवाडा केला होता, त्यासाठी." दसमो पाठीमागे बसली होती. सगळे पांगले तरी ती उठली नाही. मी जवळ गेलो तर म्हणाली, "तीस वर्षं मी त्या कुत्र्याला शिव्या घालते आहे. आता त्या कुणाच्या नावावर घालू?" मी म्हणालो, माझ्या. ती म्हणाली, "तुमच्या घातल्याच आहेत आत्ता मनात." मग काठी टेकत गेली. काल तिनं नातवाच्या हाती दोडक्याची भाजी पाठवली. त्याचा अर्थ काय लावायचा मला कळलं नाही. मी ती खाल्ली.

आता हे पत्र का लिहिलं ते. जयमनीनं सांगितलं म्हणून नाही, तसं असतं तर वर्षापूर्वीच लिहिलं असतं. तुझ्या कार्डावर खिलूच्या चित्राच्या वर तू तुझ्या हातानं एक ओळ लिहिली आहेस. "पिल्लू तुझ्या हरदीच्या वंशातलं दे, कबऱ्याच्या वंशाचं नको, तो माझा लाडका होता पण शेवटी चोर निघाला." तू कबऱ्यावर एकतीस वर्षं रागावला असतास तर मी कदाचित असाच गप्प मेलो असतो. पण तू त्याला चोर म्हणून माफ करून टाकलंस, आणि आता नातीला तसं सांगणार. ते मला वाचवेना. पिल्लं अजून महिनाभर आईपाशी आहेत. हरदीच्या पहिल्या पाचांत दोन कबरी होती, तेव्हा हा वंश दोघांचा आहे, तो मला वेगळा काढून देता येणार नाही. तुला हवं असलं तर ये आणि अंगणात बस. नको असलं तर काही लिहू नकोस, मी समजेन, आणि यापुढे तुझं नाव घ्यायचं नाही हे माझ्यापुरतं मी पाळीनच. एवढंच कर, खिलूला सांग. त्या दिवशी सभेत मी जे सांगायला हवं होतं ते आज लिहून देतो, हे तिला मोठ्यानं वाचायला दे. कबऱ्यानं करडू मारलं नाही. तो शाळा भरल्यापासून माझ्या दारात बसून होता, आणि तू बाजाराहून ज्या वाटेनं यायचास त्या वाटेकडे बघत होता.

तुझाच, तू ठेवलास तर,
महापरसाद